पाच सेकंद उरले असताना

नाटकाचे परीक्षण होते, चित्रपटाचे होते, पुस्तकाचे तर होतेच. अग्निबाणाच्या उड्डाणाचे परीक्षण मात्र आमच्या वाचनात आलेले नाही. उड्डाणाची बातमी होते, कौतुक होते, फार तर खर्चावरून वाद होतो. पण हजारो माणसे एका जागी जमून एखादा देखावा पाहतात, तेव्हा त्यात काय दाखवले जाते, काय झाकले जाते आणि पाहणाऱ्याच्या पदरात काय पडते, याचाही विचार व्हायला हवा. मराठीत रंगमंचावरच्या खेळाला प्रयोग म्हणतात आणि प्रयोगशाळेत करतात त्यालाही प्रयोगच म्हणतात. उड्डाण हा दोन्ही अर्थांनी प्रयोग आहे. आमची तक्रार एवढीच, की आपण सारे तो पहिल्याच अर्थाने पाहतो.

श्रीहरिकोटा हे आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावरचे बेट. एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला पुलिकत सरोवर. तेथील सतीश धवन अवकाश केंद्रात २०१९ साली सर्वसामान्यांसाठी प्रेक्षक-गॅलरी उघडली आणि १ एप्रिल २०१९ च्या पीएसएलव्ही-सी४५ पासून नाव नोंदवून आलेल्या नागरिकांना तेथून उड्डाण पाहता येऊ लागले. तेव्हापासून ओळखीचे शिक्षक एक प्रश्न वारंवार विचारतात: मुलांची सहल तिकडे न्यावी का? घरी दूरदर्शन संचावर सारे फुकटात आणि जवळून दिसत असताना एवढा प्रवास, एवढा खर्च कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ऐकीव माहितीवर देणे बरे नव्हे, म्हणून आम्ही सहकुटुंब जाऊन आलो. आम्ही दोघे, नववीतली थोरली, सहावीतला धाकटा आणि त्यांची आजी. दिवस नवरात्राचे. घरी घट बसलेले. रोजची माळ घालायचे काम शेजारच्या काकूंवर सोपवून आजी निघाल्या; राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा मात्र संपूर्ण प्रवासात त्यांच्या मांडीवरून खाली उतरला नाही.

उड्डाणही आम्ही मुद्दाम लहानसे निवडले. त्याच वर्षी १४ जुलैला चांद्रयान-३ आणि २ सप्टेंबरला आदित्य-एल१ निघाले होते. त्यांचा गाजावाजा सर्वांना आठवत असेल. आम्ही गेलो ते २१ ऑक्टोबर २०२३ च्या टीव्ही-डी१ साठी. गगनयानाच्या तयारीतले हे पहिले चाचणी-उड्डाण. अग्निबाण सुमारे ३५ मीटर उंच आणि ४४ टन वजनाचा. चांद्रयान-३ नेणारा अग्निबाण साडेत्रेचाळीस मीटर उंच होता, पण वजनाने सुमारे ६४० टन! तेव्हा हा तसा किरकोळ गडी. त्याच्या डोक्यावर माणसे बसण्याच्या कुपीची प्रतिकृती होती, आत माणूस नव्हता, आणि कुपीच्याही वर तिला अपघाताच्या वेळी ओढून दूर नेणाऱ्या लहान अग्निबाणांचा मनोरा. बेत असा होता, की उड्डाणानंतर साधारण एका मिनिटाने, वेग आवाजाच्या वेगाच्या पुढे गेला असताना, आता संकट आले असे समजायचे आणि मनोऱ्याने कुपी खेचून बाजूला न्यायची. मग छत्र्या उघडायच्या, कुपी समुद्रात उतरायची आणि नौदलाने ती उचलून आणायची.

"म्हणजे एवढं रॉकेट बनवायचं, उडवायचं, आणि मिनिटभरानं आपणच मोडायचं?" आजींनी गाडीत विचारले.

"मोडायचं नाही आजी, मोडलंय असं समजायचं," थोरली म्हणाली.

आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "असं होय. माणूस विहिरीत उतरायच्या आधी दोर पुरतो का, ते घागर सोडून बघायचं."

यापेक्षा नेमके वर्णन आम्हाला नंतर कुठल्याही वृत्तपत्रात सापडले नाही.

आता त्या 'जवळून दिसण्या'विषयी. दूरदर्शनवर अग्निबाण संचाच्या उंचीएवढा दिसतो. गॅलरीतून पाहताना झाडांच्या रांगेवर मनोऱ्यांची टोके दिसतात आणि अग्निबाण कुठे आहे ते बोटाने दाखवावे लागते. पस्तीस मीटर उंचीची वस्तू सहा किलोमीटरवरून पाहिली तर डोळ्याशी अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा कोन होतो. पौर्णिमेचे चंद्रबिंब अर्ध्या अंशाचे असते. म्हणजे अग्निबाण चंद्रबिंबापेक्षाही लहान. हात लांब करून करंगळीचे नख डोळ्यासमोर धरले, तर तीन अग्निबाण त्या नखाआड आडवे मावतील. धाकटा हे ऐकून खट्टू झाला, पण उड्डाण पाहण्यातला पहिला लाभ हाच आहे. एवढ्या मोठ्या यंत्रापासून माणसांना इतके दूर का ठेवतात, हा प्रश्न संचासमोर बसलेल्या मुलाला पडतच नाही, कारण भिंग ते अंतर खाऊन टाकते.

कॅमेरा आणखी एक गोष्ट करतो. तो अग्निबाणाला चौकटीच्या मध्यभागी धरून ठेवतो. अग्निबाण जागचा हलत नाही, मागचे आकाश तेवढे सरकते. तो किती वर गेला, किती कलला, वेग कसा वाढत गेला, यातले काहीही पडद्यावर नजरेने मोजता येत नाही. कोपऱ्यातले आकडे वाचावे लागतात. उघड्यावर उभे राहिलेल्या माणसाला मान वर करावी लागते, आणि मान किती आणि किती भरभर वर करावी लागली हेच त्याचे मोजमाप. लांब केलेल्या हाताची मूठ सुमारे दहा अंश व्यापते, हे आम्ही मुलांना घरीच शिकवून ठेवले होते.

आणि आवाज. प्रक्षेपणात ज्वाळा आणि गर्जना एकदमच येतात. प्रत्यक्षात आधी उजेड येतो आणि मग, बराच वेळ, काहीच नाही. ही शांतता विलक्षण असते. झाडांमागे काहीतरी पेटले आहे, एक उजळ ठिपका वर सरकू लागला आहे, आणि कानांवर येतो तो फक्त शेजारच्या बाकावरच्या पोराचा ओरडा. वीज आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटर मिळतात, हे आपण दर पावसाळ्यात वर्गात सांगतो. येथे तोच हिशेब करता येतो, आणि विजेपेक्षा चांगला करता येतो, कारण उजेड कधी येणार ते आधी ठाऊक असते.

पण आम्हाला लिहायचे आहे ते मुख्यतः ज्वाळेविषयी नाही. ज्वाळा पेटण्यापूर्वी त्या सकाळी जे घडले, त्याविषयी आहे.

उड्डाणाची वेळ सकाळी आठची होती. हवा पावसाळी, ढग खाली आलेले. वेळ साडेआठवर गेली, मग पावणेनऊवर. माणसे चुळबुळू लागली. लहान मुले रडू लागली. आजींनी डबा उघडला. शेवटी उलटी मोजणी सुरू झाली, सगळे उभे राहिले, हातातले मोबाइल वर गेले, आकडे मोठ्याने म्हणायला सुरुवात झाली आणि पाच सेकंद उरले असताना मोजणी थांबली.

थांबवली ती कोणा माणसाने नव्हे. शेवटच्या टप्प्यात सूत्रे संगणकाकडे असतात. तो क्षणाक्षणाला शेकडो मापे ठरलेल्या मर्यादांशी ताडून पाहतो, आणि एखादे माप मर्यादेत बसले नाही तर पुढची आज्ञा देत नाही. तशी विसंगती त्याला आढळली आणि त्याने हात राखला. काही वेळाने त्या वेळचे इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जाहीर निवेदन केले. इंजिन अपेक्षेप्रमाणे प्रज्वलित झाले नाही, वाहन सुरक्षित आहे, काय बिघडले ते आता जवळ जाऊन शोधावे लागेल, असा त्याचा आशय होता. देशभर प्रक्षेपण चालू आहे, समोर प्रेक्षक बसले आहेत, आणि संस्थेचा प्रमुख सांगतो आहे की कारण अजून कळलेले नाही, ते शोधू. आमच्या मते त्या सकाळच्या साऱ्या कार्यक्रमात हे निवेदन सर्वांत मोलाचे होते.

प्रेक्षकांनी ते कसे घेतले? आमच्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हातातला झेंडा गुंडाळून पिशवीत ठेवू लागले. मागून कोणी म्हणाले, "गेलं पाण्यात." एवढ्यात आमच्या मेव्हण्यांचा नागपूरहून फोन आला, "अरे, फसलं म्हणे! इथं टीव्हीवर पट्टी येतेय." कोणत्या वाहिनीवर, ते विचारायचे आम्ही टाळले. धाकट्याचे डोळे भरून आले होते. दोन रात्रींचा प्रवास त्याने या पाच सेकंदांसाठी केला होता. "बाबा, आता घरी जायचं?" त्याने विचारले.

दोष त्या गृहस्थांचा नाही आणि मेव्हण्यांचाही नाही. उड्डाणाची गोष्ट आपण ज्या साच्यात सांगतो तो साचाच असा आहे. दहा, नऊ, आठ, मग शून्य, मग ज्वाळा, मग टाळ्या. या साच्यात 'थांबा' या शब्दाला जागाच नाही. थांबले म्हणजे फसले. वास्तविक त्या दिवशीची चाचणी कशाची होती? संकट ओळखता येते का आणि ओळखल्यावर माणसांना वाचवता येते का, याची. अग्निबाण जमिनीवर असतानाच त्या सावधपणाचा पहिला दाखला समोर घडला होता, आणि बघणाऱ्यांना तो खेळातला व्यत्यय वाटला. नाटकाच्या प्रेक्षकाला पडदा अडकला तर राग येणारच. प्रयोगशाळेतल्या माणसाला मात्र तोच क्षण वहीत टिपावासा वाटला पाहिजे.

हे पूर्वीही घडले होते, आणि याहून मोठ्या प्रसंगी. १५ जुलै २०१९ रोजी पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी चांद्रयान-२ निघणार होते. राष्ट्रपती उपस्थित होते. ५६ मिनिटे उरली असताना मोजणी थांबली आणि लोक रात्रीच परत फिरले. पुढच्या सोमवारी, २२ जुलैला दुपारी ते यान व्यवस्थित निघाले. त्या पहाटे रिकाम्या हाताने परतलेल्या मुलांना घरी गेल्यावर कोणी काय सांगितले असेल, हा प्रश्न आमच्या मनात नेहमी येतो. "नशीब नव्हतं" असे सांगितले असेल, की अग्निबाणात इंधन भरल्यावरही 'नको' म्हणता येणे हे किती अवघड काम आहे, ते समजावले असेल?

टीव्ही-डी१ ला आठवडा लागला नाही. देखरेखीच्या व्यवस्थेतली विसंगती शोधून दुरुस्त केली गेली आणि नवी वेळ जाहीर झाली: दहा. तोवर काही माणसे निघून गेली होती. झेंडेवाले गृहस्थ दरवाजापर्यंत जाऊन परत आले.

दहा वाजता झाडांमागे उजेड झाला. थोरलीने घड्याळ सुरू केले. धाकट्याने आपले घड्याळ ठिपका झाडांच्या वर आल्यावर सुरू केले. आवाज पोचला तेव्हा थोरलीचे घड्याळ एकोणीस सेकंद दाखवत होते, धाकट्याचे सोळा. दोघे तिथेच भांडू लागले. भांडण मिटवायची आम्हाला घाई नव्हती, कारण त्यात बरेच काही होते. कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत मोजायचे हे आधी ठरवले नाही, तर दोन प्रामाणिक माणसांची उत्तरे वेगळी येतात. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर एकीचे अंतर साडेसहा किलोमीटर येते आणि दुसऱ्याचे साडेपाच. मधले तीन सेकंद म्हणजे अग्निबाणाला झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढायला लागलेला वेळ, हे थोरलीच्या परतीच्या गाडीत लक्षात आले.

आवाजाबद्दल आणखी एक. तो कानांनी ऐकण्यापेक्षा छातीत जाणवतो, असे सगळे सांगतात, ते खरेच आहे. त्यावर अधिक शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. ध्वनिवर्धकातून तो तसा येत नाही एवढे म्हणून पुढे जातो.

ढगांचा थर असल्यामुळे पुढचा प्रवास आम्हाला तुकड्यातुकड्यांनीच दिसला. सारे घडत गेले ते असे: साधारण साठ सेकंदांनी, सुमारे बारा किलोमीटर उंचीवर, मनोऱ्याने कुपी खेचून वेगळी केली. नव्वद सेकंदांच्या सुमारास, जवळजवळ सतरा किलोमीटरवर, मनोराही कुपीपासून सुटला. मग छत्र्या, आधी लहान, शेवटी मोठ्या. उड्डाणापासून सुमारे नऊ मिनिटांनी कुपी किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर समुद्रात उतरली. गंमत अशी, की अग्निबाण बारा किलोमीटरवर असताना आमच्यापासूनचे तिरपे अंतर तेरा किलोमीटरच्या वर भरते आणि तेथून आवाज यायला चाळीसएक सेकंद लागतात. म्हणजे हिशेबाने पाहता, कुपी सुटून सतरा किलोमीटरच्या माथ्याकडे निघाली होती तेव्हा, मागे राहिलेल्या इंजिनाचा आवाज अजून वाटेतच होता. डोळे आणि कान एकाच प्रसंगाच्या दोन वेगळ्या वेळा सांगत असतात. दूरदर्शनवर हे कधीच अनुभवता येणार नाही.

टाळ्या कधी वाजल्या? सर्वांत मोठ्या टाळ्या उजेड दिसताच वाजल्या. वास्तविक त्या दिवशी अग्निबाण उडणे हा फक्त आधीचा भाग होता. खरी परीक्षा साठाव्या सेकंदाला होती. तेव्हा बहुतेक जण आपल्या मोबाइलवर चित्रण नीट आले का ते पाहत होते. ज्वाळा दिसली की काम फत्ते, ही समजूत किती खोल आहे ते यावरून कळावे. ३१ ऑगस्ट २०१७ च्या संध्याकाळी पीएसएलव्ही-सी३९ निघाला तेव्हा जमिनीवरून पाहणाऱ्याला त्यात काहीच वावगे दिसले नसते. तो नेहमीसारखा उठला, नेहमीसारखा दिसेनासा झाला. पण टोकावरचे उष्णतारोधक कवच सुटलेच नाही आणि आतला उपग्रह कवचातच अडकून राहिला. डोळ्यांना दिसणारे उड्डाण आणि सफल झालेले उड्डाण या दोन गोष्टी आहेत.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत 'अवकाशात झेप' हे शब्द पुष्कळ ठिकाणी होते. अवकाशाची हद्द शंभर किलोमीटरवर मानायचा प्रघात आहे. कुपी गेली सतराच्या जवळपास. प्रवासी विमाने दहा-अकरा किलोमीटरवरून जातात. म्हणजे विमानाच्या वर, पण अवकाशाच्या पुष्कळ खाली. ज्या 'अवकाश-उड्डाणा'साठी आम्ही बाराशे किलोमीटर गेलो ते अवकाशात गेलेच नाही, आणि जाणारही नव्हते! यात उड्डाणाला कमीपणा नाही. शब्दांच्या सैलपणामुळे नुकसान होते ते मुलांचे, कारण त्यांना या आकड्यांवर छान गणित करता आले असते. कुपी सुटताना वेग आवाजाच्या वेगाच्या १.२ पट होता. त्या उंचीवर आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे २९५ मीटर, म्हणून अग्निबाणाचा वेग सुमारे ३५४ मीटर. शून्यापासून साठ सेकंदांत तो एकसारखा वाढला असे धरून नववीच्या पुस्तकातल्या समीकरणाने कापलेले अंतर काढा: साडेदहा किलोमीटर येते. प्रत्यक्षात उंची बाराच्या आसपास. फरक का पडला? वेग एकसारखा वाढला नाही, सुरुवातीला अधिक झपाट्याने वाढला, असा याचा अर्थ होतो. आणि पृथ्वीभोवती फिरत राहायला सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर वेग लागतो. तो या वेगाच्या बावीसपट आहे, हेही सांगून टाकावे. अग्निबाणाचे अवघड काम वर जाणे हे नसून आडवे धावणे आहे, हे मग मुलांना वेगळे पटवावे लागत नाही.

एका मिनिटाने बंद करायच्या उड्डाणाचा एवढा खटाटोप कशासाठी, हे ज्यांना अजून पटत नसेल त्यांच्यासाठी एक जुनी हकीकत. २६ सप्टेंबर १९८३ रोजी बैकोनूरच्या तळावर व्लादिमीर तितोव्ह आणि गेन्नादी स्त्रेकालोव्ह हे दोन सोव्हिएत अंतराळवीर सोयूझ यानात बसले होते. उड्डाणाला थोडाच अवधी असताना खाली आग लागली. आगीने तारा जळाल्या. सुटकेची आज्ञा जमिनीवरून रेडिओने द्यावी लागली. मनोऱ्याने यान वर खेचले आणि काही सेकंदांतच खालचा अग्निबाण स्फोट होऊन नष्ट झाला. दोघे काही किलोमीटरवर छत्रीने सुखरूप उतरले. त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, ३ एप्रिल १९८४ रोजी, सोयूझ टी-११ निघाले. त्यात तिघे होते: यूरी मालिशेव्ह, आपले राकेश शर्मा, आणि तेच गेन्नादी स्त्रेकालोव्ह. राकेश शर्मांचे नाव आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्यांच्या शेजारी बसलेला माणूस सहा महिन्यांपूर्वी याच मनोऱ्यामुळे जिवंत राहिला होता, हे मात्र आम्ही ज्या ज्या वर्गांत विचारले तेथे कोणी सांगू शकले नाही. उलट उदाहरण २८ जानेवारी १९८६ चे. चॅलेंजर ७३ सेकंदांत नष्ट झाले. त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिका होती. तिचे आईवडील फ्लोरिडातल्या त्या तळावर उभे राहून वर पाहत होते. त्या यानात अशा वेळी माणसांना ओढून दूर नेणारी व्यवस्थाच नव्हती.

आता थोडे आपल्या घरचे. शाळेच्या प्रयोगशाळेत सरळ दोलकाचा प्रयोग दरवर्षी होतो. पन्नास मुले दोलक हलवतात, पन्नास घड्याळे वेगवेगळे आकडे दाखवतात आणि पन्नास प्रयोगवह्यांत गुरुत्वत्वरण ९.८ येते. ज्याचे ८.९ आले असेल तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, किंवा खोडरबर काढतो. आम्ही शिक्षक ते पाहतो आणि सही करतो, कारण तास संपत आलेला असतो आणि परीक्षकाला ९.८ च हवे असते. "सर, काहीतरी चुकतंय, मी इथं थांबतो," असे म्हणणाऱ्या मुलाला आपण गुण देत नाही. आणि मग संगणकाने पाच सेकंद आधी हात राखला की तीच मुले मोठी होऊन वृत्तवाहिनीत बसतात आणि 'फसले' अशी पट्टी लावतात. सहल नेण्याआधी निदान एका प्रयोगात तरी जुळत नसलेला आकडा वहीत तसाच राहू द्यावा आणि त्याला गुण द्यावेत. धाकट्याचे सोळा आणि थोरलीचे एकोणीस आमच्या वहीत शेजारी शेजारी आहेत.

एक माहिती राहिली. कुपी सुखरूप उतरली, छत्र्या उघडल्या, सारे ठरल्याप्रमाणे झाले. पण पाण्यावर ती उलटी तरंगत होती. अध्यक्षांनी हेही जाहीरपणे सांगितले. आजींनी हे ऐकल्यावर पहिला प्रश्न केला, "आत माणूस असता तर?" या कुपीत तिला सुलटी करणारी व्यवस्था नव्हती, माणसे नेणाऱ्या कुपीत ती लागणार. आणि चाचण्या संपल्या नाहीत. २४ ऑगस्ट २०२५ रोजी कुपीची प्रतिकृती हेलिकॉप्टरमधून सोडून छत्र्या पुन्हा तपासल्या गेल्या. घागर पुन्हा विहिरीत गेली, एवढाच याचा अर्थ.

तर सहल न्यावी का? चाळीस मुलांचा वर्ग नेणे आम्हाला व्यवहार्य वाटत नाही. नोंदणी उड्डाणाच्या काही दिवस आधीच उघडते, जागा झपाट्याने भरतात आणि तेवढ्या मुदतीत चाळीस जणांचे रेल्वे आरक्षण होणे कठीण. चार-पाच मुले आणि त्यांचे पालक असा लहान गट मात्र जरूर न्यावा. उरलेल्या वर्गासाठी दूरदर्शन संच पुरे. पण त्याचा आवाज बंद ठेवावा, फळ्यावर उड्डाणाचे टप्पे सेकंदांसह लिहून ठेवावेत आणि टाळ्या कोणत्या टप्प्याला वाजवायच्या ते मुलांनाच आधी ठरवू द्यावे. जे जातील त्यांनी प्रत्येकी एक सेकंदकाट्याचे घड्याळ, एक वही आणि छत्री न्यावी; ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या किनाऱ्यावर पावसाचा काळ असतो. चेन्नईहून उत्तरेला गुडूरच्या मार्गावर सुल्लूरपेट स्टेशनात उतरावे. तेथून बेटावर जाणारा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो आणि हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी मोठ्या संख्येने उतरतात, तेव्हा तासभर हाताशी ठेवावा. परतीचे आरक्षण उड्डाणाच्याच दिवसाचे मात्र करू नये.